इशापूरची रायफल

ओहायोतल्या कोलंबसच्या उत्तरेला बंदुकांचं एक छोटं दुकान आहे. २००९ च्या जूनमध्ये ऑफिसातल्या एका मित्राला रायफलीवर लावायची दुर्बीण घ्यायची होती, म्हणून मी सोबत गेलो होतो. त्याचं काउंटरवर चाललं होतं तोवर मी मागच्या भिंतीशी उभ्या केलेल्या जुन्या लष्करी रायफली बघत होतो. रशियन मोसिन-नागांत शंभर डॉलरच्या आसपास, त्यांच्या शेजारी युगोस्लाव्ह माउझर, तुर्की माउझर. सगळ्यांवर तपकिरी ग्रीसचे ओघळ. शेवटून दुसरी रायफल बघितली आणि पाय थांबले. तोंडाशी ते बोथट, चपटं नाक मी कुठेही ओळखलं असतं. एनसीसीत तीन वर्षं कवायतीला आम्ही हीच खांद्यावर घेत होतो. थ्री नॉट थ्री. फक्त हिचं मॅगझिन वेगळं होतं, डब्यासारखं चौकोनी.

मालकाला विचारून उचलली, बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा, मागे घेऊन चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, रिकामं आहे ना ते बघितलं. खांद्याला टेकायचा लाकडी बट जिथे लोखंडाला मिळतो त्या कड्यावरचा चिकट थर अंगठ्याने घासला. आधी अशोकस्तंभाचे सिंह दिसले. त्याखाली इंग्रजीत आर. एफ. आय., मग ‘रायफल ७.६२ एमएम २ए१’, आणि साल १९६६. आर. एफ. आय. म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, बंगालमध्ये हुगळीच्या काठची.

माझं लहानपण वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये गेलं. भुसावळजवळची ही फॅक्टरी १९६४ ची, आणि तिथे काडतुसं बनतात. बाबा खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीत शिकाऊ म्हणून लागले, नंतर वरणगावला आले आणि एक्झामिनर म्हणून तिथूनच निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांनी ७.६२ ची काडतुसं तपासली. पण घरी त्यातलं काही म्हणजे काही आलं नाही. गेटवर जाताना-येताना झडती, काडेपेटीसुद्धा आत न्यायची नाही, काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी बाहेर आणणं तर सोडाच. आम्हाला बाबांचं काम म्हणजे सकाळचा भोंगा आणि संध्याकाळी सायकलवरून उतरणारे बाबा, इतकंच माहीत होतं. ज्या रायफलीत ती काडतुसं जायची त्यातली एक ओहायोत, एका दुकानाच्या भिंतीशी, माझ्या हातात होती. किंमत २१० डॉलर.

या रायफलीबद्दल एक गैरसमज सगळीकडे ऐकू येतो, तो आधीच दूर करतो. ही जुनी थ्री नॉट थ्री नळी बदलून ७.६२ केलेली नाही. १९६२ च्या चीन युद्धात आपल्या जवानांच्या हातात बोल्टवाल्या थ्री नॉट थ्री होत्या. त्यानंतर लष्कराने ७.६२ नाटो काडतूस घेतलं आणि त्यासाठी एसएलआर, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरून घेणारी रायफल, इशापूरलाच बनायला लागली. पण पुरेशा एसएलआर तयार व्हायला वेळ लागणार होता. तोवरची सोय म्हणून इशापूरने आपल्या हातात बसलेली थ्री नॉट थ्रीची, म्हणजे ली-एनफिल्डची, घडण घेतली, नव्या काडतुसाचा जादा दाब सोसेल असं चांगलं पोलाद वापरलं आणि नव्याने रायफली बनवल्या. पहिली २ए. मग नेम धरायच्या मागच्या साइटवरचा २००० यार्डांचा आकडा काढून ८०० मीटरचा केला, ती २ए१. लष्करासाठी नव्याने बनलेल्या शेवटच्या बोल्टवाल्या रायफलींत हिची गणना होते. मला याचा अभिमान वाटतो.

भारतात मला ही कधीच घेता आली नसती. ७.६२ आणि .३०३ ही दोन्ही बोअर, म्हणजे नळीची मापं, सामान्य माणसाला प्रतिबंधित आहेत, म्हणून तर तिकडे परवानाधारकासाठी .३१५ ची वेगळी रायफल बनते. अमेरिकेत जुन्या शस्त्रांना ‘क्युरिओ’ म्हणून एक सवलत आहे, पण ती पन्नास वर्षं झालेल्यांना. हिला ४३ च झाली होती. त्यामुळे दुकानातून, रीतसर.

बंदूक विकत घेण्याचा सरकारी फॉर्म ४४७३ भरला. नाव, जन्मगाव, उंची, वजन, गुन्ह्याची शिक्षा झाली आहे का, अमली पदार्थांचं व्यसन आहे का, असे एकामागून एक प्रश्न. खोटं लिहिलं तर तुरुंग, हे फॉर्मवरच छापलेलं. मी तेव्हा ग्रीनकार्डवर होतो. त्या वेळी ग्रीनकार्डवाल्याला त्याच राज्यात सलग ९० दिवस राहिल्याचा पुरावा लागायचा, म्हणून घरी जाऊन तीन महिन्यांची विजेची बिलं घेऊन आलो. दुकानदाराने घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणाऱ्या एफबीआयच्या यंत्रणेला फोन लावला. उत्तर आलं, थांबा. तो म्हणाला, परदेशी जन्म असला की असं होतं, काळजी करू नका. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला, घेऊन जा.

घरी बायकोने एकच प्रश्न विचारला, “आणि सानू?” मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. बायकोची काळजी मला मान्यच होती. रायफल कुलपाच्या लोखंडी कपाटात, चापाला वेगळं कुलूप, आणि बोल्ट काढून दुसऱ्या खोलीतल्या कुलपाच्या खणात. बोल्टशिवाय ती रायफल म्हणजे लोखंडाची नळी. आजही तसंच ठेवतो. जो कोणी घरात लहान मूल असताना शस्त्र घेतो त्याने हे आधी करावं, साफसफाई मग.

साफसफाईला तीन शनिवार गेले, आणि या सगळ्या उद्योगात मला सर्वांत जास्त मिळालं ते इथेच.

गोदामात वर्षानुवर्षं पडून राहणाऱ्या शस्त्राला गंज लागू नये म्हणून ग्रीस थापतात. अमेरिकेत त्याला कॉस्मोलिन म्हणतात. ताजं असताना ते व्हॅसलीनसारखं असतं. जुनं झालं की त्यातलं हलकं तेल उडून जातं आणि गुळाच्या काकवीसारखा, मग मेणासारखा थर उरतो. त्यात धूळ, लाकडाचा भुसा, मेलेले किडे. मी गॅरेजमध्ये जुनी चादर अंथरली आणि सुरुवात केली. मॅगझिन काढलं. बोल्ट पूर्ण मागे घेऊन त्याचं डोकं वर उचललं की तो मागून सरकत बाहेर येतो. बोल्टवरचा नंबर आणि चेंबरवरचा नंबर एकच होता. हे महत्त्वाचं आहे. ली-एनफिल्डचा बोल्ट त्या त्या रायफलीला बसवलेला असतो, दुसरीचा आणून घातला तर काडतुसामागची फट बिघडते.

मग लाकूड. इथे मी मोठी चूक करता करता वाचलो. बट काढायचा तर मागच्या पट्टीतून लांब स्क्रूड्रायव्हर घालून आतला बट धरून ठेवणारा लांब स्क्रू फिरवायचा. मी तो घातला आणि जोर लावला. स्क्रू हलला नाही, पण पुढे, चापाच्या वरच्या लाकडातून ‘टक’ असा बारीक आवाज आला. तिथेच हात काढला. नंतर रचनेचं चित्र बघितल्यावर कळलं की त्या स्क्रूचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडाच्या मागच्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता स्क्रू फिरवला तर ते लाकूड उभं चिरतं. म्हणजे आधी पुढचं लाकूड, नंतर बट, उलट कधीच नाही. टॉर्च लावून बघितलं, चीर गेली नव्हती. कोणी ही रायफल घेतली तर बाकी सगळं विसरा, पण हा क्रम विसरू नका.

दुसऱ्या शनिवारी क्रमाने गेलो. नाकावरची टोपी, मधल्या पट्ट्या, चापाच्या कड्याचे स्क्रू, आणि मग पुढचं लाकूड दोन्ही हातांनी सरळ खाली. ते सुटलं आणि आतली बाजू पहिल्यांदा दिसली. बाहेरून हे लाकूड अगदी साधं. कुठे खरचटलेलं, कुठे ठिगळ मारलेलं, चिरू नये म्हणून चेंबरच्या पुढे आरपार मारलेला आडवा स्क्रू, बटावर पांढऱ्या रंगात कोणत्या तरी शस्त्रागाराचा रॅक नंबर. आतून मात्र, जिथे लोखंडाचा खांदा लाकडाला टेकतो आणि गोळी सुटताना सगळा धक्का पेलतो, तिथे पटाशीच्या खुणा होत्या. मशीनने कोरलेल्या खाचेत कोणीतरी हाताने केसभर लाकूड काढून तो टेकू बसवला होता. एका बाजूला तीन छोटे घाव, दुसऱ्या बाजूला दोन. मी त्यांवरून बोट फिरवलं. हे करणारा माणूस इशापूरला भोंगा झाल्यावर आत आला असेल, झडती देऊन, आमच्या बाबांसारखाच.

लोखंडाचं ग्रीस मिनरल स्पिरिटने गेलं. टूथब्रश, कापूस आणि धीर, एवढंच लागतं. लाकडाचं ग्रीस मात्र आत मुरलेलं असतं. त्याला मी वर्तमानपत्रात गुंडाळलं, काळ्या कचऱ्याच्या पिशवीत घातलं आणि काचा बंद करून गाडीच्या मागच्या सीटवर उन्हात ठेवलं. ओहायोचा जुलै म्हणजे भुसावळच्या मे महिन्यापुढे काहीच नाही, पण बंद गाडी चांगली तापते. दोन तासांनी उघडलं तर लाकडाला घाम फुटावा तसे तपकिरी थेंब. पुसायचं, नवं वर्तमानपत्र गुंडाळायचं, परत ठेवायचं. असं पाच वेळा केलं. पॉलिशपेपर लावायचा मोह अनेकांना होतो. तो लावला की शिक्के, नंबर, रॅकचा रंग, सगळं पुसलं जातं, आणि लाकूड जिथे लोखंडाला घट्ट बसायला हवं तिथे सैल होतं. मी फक्त जवसाचं तेल हाताने चोळलं, पातळ, दोन दिवसांच्या अंतराने चार हात.

बटाच्या मागच्या पट्टीत एक छोटं झाकण असतं. ते ग्रीसने चिकटलं होतं. उघडल्यावर आतून तेलाची कुपी निघाली आणि तिच्यामागे गुंडाळी करून कोंबलेला पुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी. दोरीच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला फासे, आणि एका फाशात कापडाची पट्टी अजून तशीच अडकलेली. मळून काळी झालेली. मी ती सरळ करून फूटपट्टी लावली. चार इंच बाय दोन.

एनसीसीचे उस्ताद घोकून घ्यायचे, साफसफाईची चिंदी चार बाय दोन, तेलाची चिंदी चार बाय दीड. आम्ही मराठी पोरं मनातल्या मनात तिला चिंधीच म्हणायचो. ती जागची जागी ठेवून शेवटच्या जवानाने झाकण लावलं होतं.

त्या रात्री पुण्याला फोन केला. बाबा निवृत्तीनंतर बहिणीकडे असतात. रायफल घेतल्याचं त्यांना तोवर सांगितलं नव्हतं, ओरडतील म्हणून.

“कुठली म्हणालास?”

“इशापूरची, बाबा. टू ए वन. सहासष्टची.”

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सहासष्टला मी खडकीत शिकाऊ होतो.” आणि लगेच, “गोळी कुठली घालणार आहेस?”

मी सांगितलं, दक्षिण आफ्रिकेची लष्करी ७.६२, १४० च्या पाकिटात मिळते. त्यांनी कॅप, म्हणजे पुंगळीच्या बुडातली पिन आपटते ती टिकली, नळी गंजवणारी आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, “बरं. तरी जुन्या कॅपचं कधी काही मारलंस तर आधी कढत पाणी ओत नळीत. क्षार तेलाने जात नाही, पाण्याने जातो. पाणी, मग कोरडं, मग तेल.” जन्मात पहिल्यांदा ते माझ्याशी कॅपबद्दल बोलले. मी एकेचाळीस वर्षांचा होतो.

नळी साफ झाल्यावर आतले आटे टॉर्चच्या उजेडात स्वच्छ दिसले. चेंबरजवळ थोडी खरबड होती, पुढे चकचकीत. तरीही गोळी झाडण्याआधी रायफल एका कारागिराकडे नेऊन हेडस्पेस मोजून घेतलं. बंद बोल्टच्या तोंडापासून काडतुसाचा खांदा चेंबरमध्ये टेकतो तिथपर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. ते वाढलेलं असेल तर पुंगळी बुडाजवळ ताणली जाते आणि फाटू शकते. ली-एनफिल्डचा बोल्ट पुढे नाही, मागे अडकतो, त्यामुळे गोळी सुटताना तो किंचित दबतो आणि पुंगळी इतर रायफलींपेक्षा जास्त ताणते. त्याने एका गेजवर बोल्ट बंद करून दाखवला, दुसऱ्यावर तो बंद झाला नाही. म्हणजे ठीक. जुनी रायफल घेणाऱ्याने या तपासणीला टाळाटाळ करू नये. डोळा जाऊ शकतो.

ऑगस्टच्या एका सकाळी ओहायोतल्याच डेलावेअरच्या सरकारी रेंजवर गेलो. वन्यजीव विभाग ती चालवतो. तिथली शिस्त मला आवडली. सगळ्यांचं झाडून झालं की ऑफिसर पुकारतो, बोल्ट उघडे, मॅगझिन बाहेर, सगळे लाल रेघेमागे, आणि मगच लोक लक्ष्याचे कागद लावायला पुढे जातात. तेवढ्यात कोणी आपल्या रायफलीला बोट जरी लावलं तरी त्याला घरी पाठवतात.

१०० यार्ड. कानाला मफ, डोळ्यांना चष्मा. मॅगझिनमध्ये बारा बसतात, मी पाचच भरली. ली-एनफिल्डचा बोल्ट मागे घेताना मऊ येतो, पुढे ढकलताना शेवटच्या इंचभरात स्प्रिंग दाबली जाते, तिथे जोर लागतो, आणि मग दांडी सहज खाली पडते. शेजारच्या टेबलावर एक जण मोसिनचा बोल्ट तळहाताने ठोकून उघडत होता. त्याने दोनदा वळून माझ्याकडे बघितलं.

उस्ताद म्हणायचे, “शिस्त लो.” हिंदीत आणि लष्करात शिस्त म्हणजे नेम. आपल्याकडे तोच शब्द वागणुकीला लागला. टेबलावर कोपर टेकले, मागच्या खाचेत पुढची साइट बसवली, अर्धा श्वास सोडला. चापाचे दोन टप्पे. पहिला खिंचाव हलका, मग एक ठाम जागा येते, तिथून दुसरा. दुसरा आला.

धक्का बसला तो लोखंडी पट्टीचा, आणि थेट खांद्याच्या हाडात. एनसीसीत आम्ही .२२ झाडायचो, थ्री नॉट थ्री कॅम्पात एकदाच पाच राउंड. हे त्याहून धारदार वाटलं. तोंडाजवळची धूळ उडाली, आणि गरम जवसाच्या तेलाचा वास आला, तो मला अजून आठवतो. पाच झाली तेव्हा दुर्बिणीतून बघितलं. पाचही डावीकडे वर, पण एकत्र, माझ्या तळहाताखाली झाकली जातील इतकी. पुढची साइट डावीकडे किंचित ठोकून सरकवली, कारण तिथे उलटं असतं, पुढची साइट ज्या बाजूला सरकवाल त्याच्या विरुद्ध बाजूला गोळी जाते. पंधरा राउंड आणखी झाडले. शेवटचे पाच काळ्या वर्तुळात होते. वर्तुळाच्या मधोमध नाही, पण आत.

रिकाम्या पुंगळ्या वेचून घरी आणल्या. संध्याकाळी नळीतून चिंदी ओढली, तिसरी पांढरी निघाली. मग एका पुंगळीच्या बुडाचा आणि अंगाचा जवळून फोटो काढून बहिणीला ईमेल केला, बाबांना दाखव म्हणून. मला वाटलं होतं ते खूश होतील, बस.

अर्ध्या तासात फोन आला. चष्मा लावून त्यांनी फोटो मोठा करायला लावला होता.

“पिनचा ठसा मधोमध आहे. चांगलं आहे. कॅप चपटी झालेली नाही, कडा गोल राहिल्यात, म्हणजे दाब वाजवी. आता बुडाच्या वर साधारण अर्ध्या बोटावर चकाकती रेघ दिसते का? गोल फिरणारी?”

“फोटोत नाही दिसत, बाबा.”

“फोटोत नको बघू. तारेचं टोक वाकव, आत घाल आणि आतून वर ओढत आण. खाच लागली तर तिथे पत्रा ताणलाय. बाहेरून दिसण्याआधी आतून कळतं ते.”

मी कागदाची क्लिप सरळ करून टोक वाकवलं. फोन खांद्यात धरून पहिली पुंगळी तपासली. गुळगुळीत होती.

“नाही लागली.”

“किती झाडल्यास?”

“वीस.”

“मग वीसच्या वीस बघ. एक बघून लॉट पास करतात का?”

फोन ठेवून टेबलावर पुंगळ्या ओळीने उभ्या केल्या आणि एकेकीत तार घातली. चौदावीत किंचित अडखळल्यासारखं वाटलं, पुन्हा तीन वेळा ओढून बघितलं, काडीने खूण करून ती बाजूला ठेवली. बाकी एकोणीस साफ. पुण्यात तेव्हा सकाळचे साडेसहा झाले होते. परत फोन लावला. बाबांनीच उचलला. चौदावीबद्दल त्यांनी मला बारा-पंधरा प्रश्न विचारले.